बिल्किसची उत्तरपत्रिका कोणी तपासली?

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यिक मेळाव्यात ‘हिंदी चित्रपटांतील मुस्लिम प्रतिमा’ या विषयावर परिसंवाद होता. व्यासपीठावर जाणकार मंडळी होती. ‘गर्म हवा’ झाला, ‘मम्मो’ झाला, ‘फिजा’ झाला. मग ‘रोजा’, ‘सरफरोश’, ‘फना’, ‘कुर्बान’ यांची झाडाझडती झाली. सगळे नेहमीप्रमाणे आणि बरेचसे खरेही होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले आणि विचारले, “सर, आपल्यापैकी कोणीच ‘बॉबी जासूस’चे नाव घेतले नाही.” सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरील एक ज्येष्ठ समीक्षक हसत म्हणाले, “बाई, ती कॉमेडी होती ना? आपण इथे गंभीर चर्चा करतो आहोत.”

मी खाली बसले. शाळेत मी मुलांना बसवते, त्या दिवशी मला बसवले गेले. पण तो हशा मनातून गेला नाही. आज या पानांवर मी त्या हशाला उत्तर देणार आहे. मी चित्रपट समीक्षक नाही. एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी बी.एड. झालेली शिक्षिका आहे. परंतु उत्तरपत्रिका कशी तपासावी आणि कशी तपासू नये, एवढे मला निश्चित कळते. माझे म्हणणे असे आहे की ‘बॉबी जासूस’ची उत्तरपत्रिका चुकीच्या उत्तरसूचीने तपासली गेली. ती चूक इंग्रजी-हिंदी वृत्तपत्रांतील परीक्षकांनी केली, तशीच ती आपणही केली. किंबहुना आपली चूक मोठी आहे. त्यांनी निदान पेपर तपासला; आपण तो उघडलाही नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. ‘बॉबी जासूस’ 4 जुलै 2014 रोजी प्रदर्शित झाला. समर शेख यांचे दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच काम. पटकथा संयुक्ता चावला शेख यांची. निर्मात्यांमध्ये दिया मिर्झा होती, जी स्वतः हैदराबादेत जन्मलेली. विद्या बालनने बिल्किस अहमदची भूमिका केली. बिल्किस म्हणजेच बॉबी, हैदराबादच्या जुन्या शहरातील मोगलपुऱ्यात राहणाऱ्या एका मध्यमवर्गीय घरातली थोरली मुलगी. वय तिशीला टेकलेले, लग्न झालेले नाही, आणि डोक्यात एकच वेड: जासूस व्हायचे. मोठी गुप्तहेर संस्था तिला नोकरी देत नाही. ती मोहल्ल्यातली चिल्लर कामे घेत राहते. भिकारी होते, फकीर होते, वेशांतर करून गल्लीबोळ पालथे घालते. तसव्वुर नावाचा एक टीव्ही निवेदक तिला पैसे देतो, कशासाठी, तर घरच्यांनी त्याच्यासाठी पाहिलेली स्थळे मोडण्यासाठी! आणि एके दिवशी अनीस खान नावाचा एक श्रीमंत, गूढ माणूस येतो. एका मुलीला तिच्या अंगावरील खुणेवरून शोधून दे म्हणतो आणि भरपूर पैसे देतो. मग दुसरी मुलगी. मग एक मुलगा. बॉबी शोधून देते. घरात पैसा येतो. आणि मग तिच्या मनात प्रश्न येतो, की मी ज्यांना शोधून दिले त्यांचे पुढे काय झाले?

या चित्रपटाला परीक्षकांनी काय म्हटले? मी वाचलेल्या बहुतेक परीक्षणांचा सूर एकच होता. विद्या बालनचे काम उत्तम, जुन्या हैदराबादचे वातावरण छान, पूर्वार्ध मजेदार. परंतु उत्तरार्ध ढिला, रहस्य कच्चे, शेवट फुसका. ‘कहानी’ दोनच वर्षांपूर्वी, मार्च 2012 मध्ये, येऊन गेला होता. त्यात याच अभिनेत्रीने प्रेक्षकांना शेवटच्या क्षणी चकवले होते. त्यामुळे तुलना होणे साहजिक होते, आणि त्या तुलनेत ‘बॉबी जासूस’ नापास होणेही साहजिक होते.

मी आंधळी वकिली करणार नाही. या चित्रपटात दोष आहेत. उत्तरार्धात गाणी वाट अडवतात. बॉबीला माणसे फार सहज सापडतात. लाखो माणसांच्या शहरात अंगावरच्या खुणेवरून मुलगी शोधणे म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणे, पण बॉबीला ती सुई पहिल्याच मुठीत लागते. शेवटी जेव्हा गाठ सुटते तेव्हा ती एकाच्या तोंडून सगळी हकिगत सांगवून सोडवली जाते, हाही पटकथेचा कमकुवतपणाच. हे सगळे मान्य. गुण कापा. पण कोणत्या प्रश्नाचे गुण कापत आहात ते तरी आधी पाहा!

बी.एड.च्या वर्गात आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती. प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी संविधान तक्ता करा. उद्दिष्ट कोणते, त्याला भारांश किती, ते ठरवा. उद्दिष्ट ठाऊक नसताना केलेली तपासणी म्हणजे मूल्यमापन नव्हे, ते नुसते मापन. इतिहासाच्या पेपरात मुलाने भूगोलाचा नकाशा काढला नाही म्हणून त्याला नापास करणाऱ्या मास्तराला आपण काय म्हणू? ‘बॉबी जासूस’च्या परीक्षकांनी नेमके हेच केले. त्यांच्या हातात रहस्यपटाची उत्तरसूची होती. गुन्हा कोणता? गुन्हेगार कोण? धक्का कुठे? उत्तरपत्रिकेत ही तीन उत्तरे सापडली नाहीत, म्हणून त्यांनी तारे कापले. पण या चित्रपटाचा प्रश्नच वेगळा होता. इथे गुन्हा नाही. गुन्हेगार नाही. ज्याच्यावर संशय घेतला तो अनीस खान शेवटी निघतो ताटातूट झालेल्या आपल्या मुलांना शोधणारा एक बाप.

इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. हिंदी चित्रपटात एक श्रीमंत मुसलमान आहे. त्याच्याकडे पैसा कुठून आला हे कोणाला माहीत नाही. तो कमी बोलतो. तो माणसे शोधतो आणि ती माणसे पुन्हा दिसत नाहीत. 1992 च्या ‘रोजा’पासून पुढच्या वीस-बावीस वर्षांत आपल्या प्रेक्षकाला या कोड्याचे उत्तर तोंडपाठ झाले होते. त्याला पहिल्या दृश्यातच कळते की हा माणूस कोण निघणार. चित्रपट त्या सवयीचाच फायदा घेतो. तो प्रेक्षकाला संशय घेऊ देतो, बॉबीलाही घेऊ देतो, आणि शेवटी सांगतो, की बाबांनो, हा फक्त बाप आहे. यावर परीक्षक काय म्हणाले? शेवटी काहीच निघाले नाही! म्हणजे मोगलपुऱ्याच्या गल्लीत शेवटी गुन्हा सापडला नाही याची त्यांना निराशा झाली. मी असे म्हणत नाही की त्यांच्या मनात द्वेष होता. मुळीच नाही. त्यांच्या मनात सवय होती. द्वेषाशी वाद घालता येतो. सवयीशी वाद घालणे फार अवघड, कारण तिला आपण काही मत बाळगून आहोत हेच ठाऊक नसते.

आता संशयाची दुसरी बाजू. हा चित्रपट मी थिएटरात पाहिला नाही. का ते पुढे सांगते. काही महिन्यांनी हैदराबादला खालाच्या घरी, टीव्हीवर पाहिला. आम्ही नांदेडकडचे. आमचा मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडे निम्म्या घरांची खाला नाहीतर फुफू हैदराबादेत असतेच. खाला शेंगा सोलत बसली होती. विद्या बालनची दखनी ऐकून हसत होती. “हौ, बोलरी तो हमारे जैसाच, मगर बीच में भूल जारी,” असे तिचे परीक्षण चालू होते. आणि अनीस खान पडद्यावर आला. अमुक खुणेची मुलगी पाहिजे म्हणाला. खालाचे हात थांबले. हळूच म्हणाली, “ये कौन है गे? शेख तो नई?”

कोणत्याही परीक्षणात मला हा प्रश्न सापडला नाही. जुन्या हैदराबादच्या बाईला मात्र तो पहिल्या मिनिटाला सुचला. पैसेवाला माणूस जुन्या शहरात येतो आणि तरुण मुलीची चौकशी करतो, याचा अर्थ त्या गल्ल्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. 1991 मध्ये एका म्हाताऱ्या अरबाशी लग्न लावून दिलेली अगदी कोवळ्या वयाची मुलगी विमानात रडताना एका हवाई सुंदरीला दिसली आणि साऱ्या देशात गाजावाजा झाला. ती मुलगी याच शहराची. त्याआधी 1982 मध्ये सागर सरहदी यांनी याच विषयावर ‘बाजार’ काढला होता. हैदराबादच्या गरीब घरातली शबनम आखाती पैशाला विकली जाते आणि शेवटी मरण पत्करते. त्या शबनमची भूमिका कोणी केली होती? सुप्रिया पाठक यांनी. आणि 2014 मध्ये बॉबीच्या अम्मीची भूमिका कोणी केली? सुप्रिया पाठक यांनीच!

बत्तीस वर्षांत हैदराबादची ती विकली गेलेली मुलगी आई झाली आणि तिच्या पोटी एक जासूस जन्माला आली. विकत घेणाऱ्याचा माग काढणारी, “माझ्या हातून सापडलेल्या मुलींचे काय झाले?” असे विचारणारी मुलगी. ही योजना दिग्दर्शकाने जाणून केली की योगायोगाने झाली, हा मुद्दा नाही. मुद्दा हा, की चित्रपटांचा इतिहास ज्यांना पाठ असायला हवा त्यांच्या लेखणीतून हे मला वाचायला मिळाले नाही. बॉबी पैसे घेऊन गप्प बसू शकली असती. घरात प्रथमच पैसा आला होता, इज्जत येऊ लागली होती. ती गप्प बसत नाही. या चित्रपटाचे खरे रहस्य अनीस खान कोण हे नाहीच. बॉबी पैशापुढे गप्प बसेल की नाही, हे आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाने पूर्ण गुण द्यावेत असे लिहिले आहे.

आता आपल्या ज्येष्ठ समीक्षकांच्या हशाकडे वळते. “ती कॉमेडी होती ना?” होय सर, कॉमेडीच होती. आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे.

हिंदी चित्रपटात आमच्या दखनी बोलीचे स्थान काय होते ते आठवून पाहा. 1965 चा ‘गुमनाम’ घ्या. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला तो खुनांच्या रहस्याचा चित्रपट. त्यात हैदराबादी बोलणारा कोण? मेहमूद. बंगल्यातला खानसामा. रहस्य उकलणारे लोक शुद्ध हिंदुस्तानी बोलतात आणि दखनी बोलणारा हसवतो. मेहमूद मोठा नट होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमची बोली स्वयंपाकघरात उभी केली गेली ती तिथेच राहिली. पन्नास वर्षांनी दखनी बोलणारी बाई रहस्यपटाच्या मध्यभागी येते. ती हसवतेही आणि उकलतेही. खानसाम्यापासून जासूसापर्यंतचा हा प्रवास ‘प्रतिमा’ या सदरात बसत नाही काय?

आणखी एक गोष्ट. मी उर्दूची विद्यार्थिनी. आमच्या घरात अब्बांच्या पेटीत इब्ने सफींच्या कादंबऱ्या होत्या. 1952 साली अलाहाबादेहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. पुढे 1955 पासून अली इमरान, जो मूर्खपणाचे सोंग घेऊन शत्रूला गुंडाळतो. विनोद आणि रहस्य यांची सांगड उर्दूत इब्ने सफींनी अशी घातली, की स्टेशनवरचा हमाल आणि कॉलेजातला प्राध्यापक दोघेही उशीखाली तीच पुस्तके ठेवीत. उर्दूच्या समीक्षकांनी मात्र त्यांना कित्येक वर्षे साहित्यात धरले नाही. मराठीतही हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची हीच गत. वाचक डोक्यावर घेतो आणि समीक्षक दारात उभे करीत नाही. मला यातला एक तपशील नेहमी टोचतो. याच कादंबऱ्या हिंदीत आल्या तेव्हा कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला आणि इमरानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला! म्हणजे हुशार नायकाला नाव बदलावे लागले आणि हसवणारा जोडीदार मुसलमान राहिला तरी चालले.

या पार्श्वभूमीवर बिल्किस अहमद पाहा. हिंदी चित्रपटात नायिका, जासूस आणि मुसलमान, तिन्ही एकत्र, आणि त्या नावाबद्दल चित्रपटात कोणी खुलासाही मागत नाही. हो, शीर्षकात ‘बॉबी’ आहे, ‘बिल्किस’ नाही. फरीदीच्या नावाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, हे मला दिसते. पण घरात तिला कोणी विनोदा किंवा राजश्री म्हणत नाही. ती अहमदांचीच मुलगी आहे.

आपल्या पुरोगामी मित्रांचा दुसरा आक्षेप मला माहीत आहे. ते म्हणतील, “यात समाजवास्तव कुठे आहे? बेकारी कुठे आहे? दंगल कुठे आहे? सच्चर समितीने 2006 मध्ये मांडलेले दारिद्र्य कुठे आहे? हा गोडगोड मोहल्ला खोटा आहे.” हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो आपल्या माणसांचा आहे. पण मला एक सांगा. 1988 मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ आला. चार तरुणांना भाड्याने खोली मिळत नाही म्हणून दोघे बायकांचे सोंग घेतात. शहरातील घरांचा प्रश्न यापेक्षा कोणी स्पष्ट मांडला आहे? तरीही तो चित्रपट पाहून कोणी म्हटले नाही की यात गृहनिर्माण धोरणाची चिकित्सा नाही. मराठी माणसाला हसण्याची परवानगी आहे. आम्हाला मात्र प्रत्येक वेळी पडद्यावर येताना कौमचे सगळे गाठोडे डोक्यावर घेऊनच यावे लागते. मुसलमान पडद्यावर आला तर तो एकतर मारेकरी असावा नाहीतर मारला गेलेला असावा. पूर्वी निदान नवाब आणि तवायफ तरी होते. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’, ‘पाकीजा’. ते गेले आणि बंदूक आली. या दोहोंच्या मध्ये जे लाखो लोक राहतात, जे सकाळी दूध आणतात, मुलीच्या लग्नाची काळजी करतात, शेजाऱ्याच्या सायकलीवरून भांडतात, ते कुठे आहेत? ते एका कॉमेडीत सापडले तर आपण म्हणतो, ही गंभीर गोष्ट नाही!

माझा आरोप स्पष्ट आहे. आपण आपल्या दुःखाची समीक्षा शिकलो, आपल्या हसण्याची शिकलो नाही. ‘गर्म हवा’वर लिहिणे सोपे आहे, कारण फाळणी स्वतःच समीक्षकाच्या हाताला धरून नेते. बॉबीवर लिहायला स्वतःच्या मोहल्ल्याकडे नीट पाहावे लागते.

तिसरा आक्षेप धार्मिक मंडळींचा. मुलीने फकिराचा वेश घेऊन रस्त्यावर बसणे, परक्या पुरुषांच्या मागे फिरणे, हे आपल्या घराण्यातल्या मुलींना शोभते काय? त्यांना मी एवढेच विचारते, की बॉबीने त्या वेशात काय केले? चोरी केली? खोटी साक्ष दिली? एका बापाला त्याची मुले शोधून दिली आणि त्या मुलांची खुशाली विचारल्याशिवाय तिला झोप लागली नाही. ज्या मुलीच्या अंगात एवढी अमानतदारी आहे तिच्या पोशाखावर बोलणे मला तरी जमणार नाही.

राहिला गल्ल्याचा प्रश्न. “चित्रपट चालला नाही. म्हणजे लोकांनीच नाकारला,” हे वाक्य फार ऐकले. आता तारीख पाहा. 4 जुलै 2014, शुक्रवार. त्या वर्षी आपल्याकडे 30 जूनला पहिला रोजा झाला. म्हणजे हा चित्रपट रमजानच्या पहिल्या जुम्याला लागला! मुसलमान मोहल्ल्याची गोष्ट सांगणारा, मुसलमान नायिकेचा चित्रपट अशा आठवड्यात, की ज्या आठवड्यात मोगलपुऱ्यातला माणूस थिएटरकडे फिरकणारच नाही. दिवसा रोजा, संध्याकाळी इफ्तार, रात्री तरावीह. त्याच महिन्याच्या 25 तारखेला सलमान खानचा ‘किक’ आला आणि 29 जुलैच्या ईदला घराघरातील पोरांनी ईदी खर्चून तो पाहिला. ईदचा आठवडा मोठ्यांसाठी राखीव, रमजानचा आठवडा छोट्यांना मोकळा, हे व्यापाराचे गणित आहे. निर्मात्यांची काय अडचण असेल ती त्यांना ठाऊक. पण जो वर्ग हा चित्रपट आपला मानून उचलून धरू शकला असता तो परीक्षेच्या दिवशी गैरहजर होता. गैरहजर विद्यार्थ्याच्या नावापुढे आम्ही शून्य लिहीत नाही, ‘गै.ह.’ लिहितो. ‘लोकांनी नाकारला’ म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मीही त्या गैरहजरांपैकीच. रोजा होता हे खरे. पण रमजान संपल्यावर, जिथे अजून लागला होता तिथे जाऊन, मी पाहिला असता का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या वर्षी माझे बी.एड. झाले होते आणि घरात अब्बांचे आणि माझे बोलणे जवळजवळ बंद होते. स्थळ चालून आले होते, मुलाकडच्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती, आणि मी एका शाळेत मुलाखत देऊन आले होते. अब्बा वाईट माणूस नव्हते. माझ्या फीसाठी त्यांनीच कर्ज काढले होते. फक्त शिकलेली मुलगी हा त्यांना अभिमान वाटत होता आणि कमावणारी मुलगी हा अपमान. खालाच्या घरी तो चित्रपट पाहताना बॉबीचे अब्बा पडद्यावर आले. राजेंद्र गुप्ता यांनी ती भूमिका केली आहे. ते मुलीवर ओरडत नाहीत तेव्हा जास्त दुखवतात. जेवणाच्या दस्तरखानावर सगळे बसलेले आणि एका माणसाची नाराजी सगळ्यांच्या ताटात वाढलेली. मी खालाकडे पाहिले नाही, खालाने माझ्याकडे पाहिले नाही. दोघी टीव्हीकडे पाहत राहिलो.

परीक्षक ज्याला ‘उपकथानक’ म्हणाले ते हे. त्यांच्या लेखी ते रहस्याची गती कमी करणारे. माझ्या लेखी तेच कथानक. एक बाप आपली हरवलेली मुले शोधतो आहे आणि ती शोधून देणाऱ्या मुलीला तिचा स्वतःचा बाप, एकाच घरात राहून, सापडत नाही! चित्रपट या दोन बापांना समोरासमोर ठेवतो. मनमोहन देसाईंच्या ‘अमर अकबर अँथनी’त आणि नासिर हुसेन यांच्या ‘यादों की बारात’मध्ये ताटातुटीचे जे जुने सूत्र होते ते इथे पुन्हा आले आहे, आणि जन्मखुणाही तिथल्याच. ज्यांना हे रहस्यपट म्हणून कच्चे वाटले त्यांनी ताटातुटीची कथा म्हणून एकदा पाहावे. उत्तरसूची बदलली की गुण बदलतात.

मला नोकरी लागली. स्थळ मोडले. अब्बा दीड वर्षाने प्रथम शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले. काही न बोलता आले आणि काही न बोलता परत गेले. चित्रपटामुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. चित्रपटाने घरे बदलत नाहीत. पण आपल्या घरातली गोष्ट कोणाला तरी सांगण्यासारखी वाटली, एवढा आधारही कमी नसतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी मुलींना ‘मुझे क्या बनना है’ या विषयावर निबंध दिला. सदतीस निबंध आले. टीचर, डॉक्टर, टीचर, नर्स, टीचर. एका मुलीने लिहिले: जासूस. कारण लिहिले होते, की आमच्या गल्लीत खूप गोष्टी हरवतात आणि कोणी शोधत नाही. मी तिला विचारले, हे कुठून आले? म्हणाली, “टीचर, टीव्ही पे एक पिक्चर आया था.” शेजारच्या मुली हसल्या. त्या सभागृहात ऐकला होता तोच हशा.

त्या निबंधाला मी पैकीच्या पैकी गुण दिले. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्या लाल शाईने दाखवल्या आणि तरीही गुण कापले नाहीत, कारण त्या निबंधाचे उद्दिष्ट शुद्धलेखन नव्हते.

म्हणून आपल्या समीक्षकांना, परिसंवाद भरवणाऱ्यांना आणि या वार्षिकाच्या लेखक-वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी ‘मुस्लिम प्रतिमा’ या विषयाची यादी कराल तेव्हा तिच्यात एक रांग हसवणाऱ्या चित्रपटांसाठी ठेवा. ‘बॉबी जासूस’वर टीका करा, कडक टीका करा, त्याचा उत्तरार्ध फाडून काढा. पण आधी तो पाहा, आणि दुसऱ्याने ठेवलेली उत्तरसूची बाजूला सारून पाहा. आपल्या मुलींच्या उत्तरपत्रिका आयुष्यभर परक्यांनी तपासायच्या आणि आपण मागच्या बाकावर बसून हसायचे, हे आता पुरे झाले.